गुरुवार सकाळ राखून ठेवा : अजाईल टीममध्ये नव्यानं आलेल्या यूएक्स डिझायनरसाठी

सकाळचे साडेसहा. करवीर तालुक्यातल्या एका गावची दूध संस्था. बाहेर किटल्या-कॅन घेऊन वीसेक माणसं रांगेत, आत काट्यापाशी सचिव, आणि त्यांच्यासमोर आमच्या टीमनं तीन महिने खपून केलेलं टॅबवरचं ॲप. पहिल्याच स्क्रीनवर सभासदांची यादी : गोल फोटो, खाली नाव, वर शोधायची पट्टी. मी त्या टीमची यूएक्स डिझायनर, म्हणजे ॲप वापरणाऱ्याला सोपं जावं हे बघणारी. ती स्क्रीन मी केली होती आणि मला ती फार आवडायची. सचिवांनी यादी दोनदा वर-खाली केली, मग टॅब फॅट मशिनच्या मागं सरकवला आणि वही पुढं ओढली. "अवो मॅडम, नावं कुठं हुडकत बसू? लोकं नंबर सांगत्यात की." तेवढ्यात रांगेतून आवाज आला, "दोनशे चौदा, म्हैस." वहीत आकडा पडला, रांग सरकली. टॅबच्या काचेवर दुधाचे थेंब उडाले होते. ओल्या बोटाला टच नीट लागत नाही, हेही मला तिथंच कळलं.

आमची टीम तेव्हा कागदोपत्री पक्की अजाईल होती, म्हणजे सगळं एकदम न बांधता थोडं थोडं बांधून, दाखवून, सुधारत जाणारी. रोज स्टँडअप (उभ्या उभ्या घ्यायची छोटी बैठक), स्प्रिंट म्हणजे दोन आठवड्यांचा कामाचा टप्पा, कामं नोंदवायच्या जिरा या सॉफ्टवेअरवर एकेक करून हिरव्या होणाऱ्या स्टोऱ्या (वापरणाऱ्याच्या गरजेच्या भाषेत लिहिलेली छोटी कामं). फक्त डिझाइन या सगळ्याच्या बाहेर होतं. सगळ्या स्क्रीन मी सुरुवातीलाच काढून दिल्या होत्या आणि टीम त्या दर पंधरवड्याला थोड्या थोड्या बांधत होती. सहा स्प्रिंट वेळेत पूर्ण झाले. डेमोला टाळ्या पडल्या. नंबर टाकून नोंद करायची सोय मात्र कुठंच नव्हती, कारण डेअरीत सकाळी दहा मिनिटं उभं राहायला आमच्यातलं कोणीच गेलं नव्हतं.

माझ्याकडं सल्ला विचारायला येणारी मुलं दोन वाटांनी आलेली असतात. काहींचं इंजिनिअरिंग झालेलं असतं आणि कोड लिहिण्यापेक्षा स्क्रीन काढण्यात मन रमतं. काही जण आर्ट स्कूल करून, फ्लेक्स-पत्रिका-लोगोची कामं करून इकडं वळलेली असतात. दोघांनाही फिग्मा, म्हणजे स्क्रीन काढायचं सॉफ्टवेअर, उत्तम येतं. अडतं ते पुढं : दर दोन आठवड्यांनी काहीतरी चालतं बाहेर काढणाऱ्या टीममध्ये आपण नेमकं कधी, काय आणि कुणाबरोबर करायचं? त्यासाठी हे लिहिते आहे.

पहिली पायरी : आपली खुर्ची कुठली, ते बघा

अजाईलचा जाहीरनामा २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथं १७ जणांनी मिळून लिहिला. चार मूल्यं आणि बारा तत्त्वं. ग्राहकाशी बोला, चालतं सॉफ्टवेअर वरचेवर द्या, बदल आला तर कुरकुरू नका, असं सगळं त्यात आहे. स्क्रीन कोण काढणार आणि वापरणाऱ्याला भेटायला कोण जाणार, याबद्दल अवाक्षर नाही. म्हणून बहुतेक टीममध्ये डिझायनर पाहुण्यासारखा असतो. येतो, फाइल देतो, जातो.

यावर तुमच्या हातात एक चांगला कागद आहे. स्क्रम ही अजाईल काम करायची एक ठरलेली पद्धत, तिची अधिकृत मार्गदर्शिका, २०२० ची आवृत्ती. तिच्यात टीममध्ये तीनच जबाबदाऱ्या आहेत : प्रॉडक्ट ओनर (काय बांधायचं ते ठरवणारा), स्क्रम मास्टर (स्क्रम नीट चालतंय ना ते बघणारा) आणि डेव्हलपर. आणि डेव्हलपर म्हणजे फक्त कोड लिहिणारा असं ती म्हणत नाही. स्प्रिंटअखेर जे वापरण्याजोगं तयार होतं, त्याचा कुठलाही भाग घडवणारा तो डेव्हलपर. टीमच्या आत पोट-टीम नको, हेही तिच्यात स्पष्ट आहे. म्हणजे "डिझाइनची टीम वेगळी, त्यांचं झालं की आपल्याकडं येईल" हे वाक्य कोणी म्हणालं, तर ते स्क्रम नव्हे, एवढं नम्रपणे सांगायला हरकत नाही. नवीन असताना असं बोलायला जीभ रेटत नाही, मला माहीत आहे. स्क्रम मास्टरला चहाला बाहेर नेऊन एकट्यात सांगा.

मागायचं काय? स्टँडअप, प्लॅनिंग, रिफाइनमेंट (पुढच्या स्टोऱ्या वाचून स्पष्ट करायची बैठक) आणि रेट्रो (झालेल्या स्प्रिंटकडं मागं वळून बघायची बैठक) या चारही बैठकांना बसण्याचं आमंत्रण, आणि जमलं तर डेव्हलपरांच्या रांगेतली खुर्ची. स्टँडअपला "मी बिलाच्या स्क्रीनवर काम करतेय" असं सांगू नका, त्यातून कोणाला काही कळत नाही. "बिलात कपात आधी दाखवायची की शेवटी, हे गुरुवारी कळेल, तोवर त्या स्टोरीला हात लावू नका" असं सांगा. दुसऱ्या वाक्यानं डेव्हलपरचा दिवस वाचतो, आणि पुढच्या वेळी तो आपणहून तुम्हाला विचारायला येतो.

दुसरी पायरी : पहिला स्प्रिंट फक्त बघा

जॉइन झाल्या झाल्या होम स्क्रीन नव्यानं करून दाखवायची खुमखुमी येते. ती आवरा. पहिल्या दोन आठवड्यांत तीन ठिकाणी बसा : एक दिवस वापरणाऱ्याच्या जागी, अर्धा दिवस टेस्टरशेजारी, आणि अर्धा दिवस सपोर्टचे फोन घेणाऱ्याशेजारी. टेस्टरला कुठलं काय तुटतं ते पाठ असतं. सपोर्टवाल्याला लोक रोज तोच प्रश्न कोणत्या शब्दांत विचारतात ते पाठ असतं. ते शब्द जसेच्या तसे वहीत उतरवा. बटणावर काय लिहायचं, याचं उत्तर पुष्कळदा तिथं तयार सापडतं. आमच्या ॲपमध्ये आधी "व्यवहार तपशील" असं लिहिलेलं बटण होतं. फोनवर प्रत्येक जण विचारायचा, "माझं दहा दिवसांचं बिल कुठं दिसतंय?" बटणाचं नाव बदलून "दहा दिवसांचं बिल" केलं, काम अर्ध्या तासाचं.

तिसरी पायरी : गुरुवार

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं करा. स्प्रिंटमधला एक दिवस वापरणाऱ्यांसाठी कायमचा बांधून टाका. आमच्याकडं दुसऱ्या आठवड्यातला गुरुवार, सकाळी. त्या दिवशी तीन माणसं येतात किंवा आपण त्यांच्याकडं जातो. दाखवायला काही तयार आहे की नाही, हे बघून गुरुवार ठरत नाही. गुरुवार आहे म्हणून बुधवारपर्यंत काहीतरी तयार होतं. कधी ते फिग्मातलं प्रोटोटाइप (कोड न लिहिता केलेला नमुना) असतं, कधी अर्धवट चालणारं बिल्ड (बांधलेलं ॲप), एकदा तर वहीच्या पानावर पेनानं काढलेल्या चार चौकटी होत्या. त्या पानानं जे सांगितलं, ते एरवी दोन आठवड्यांच्या कोडनंतर कळलं असतं.

दिवस आधी ठरलेला का हवा? कारण "गरज पडेल तेव्हा भेटू" म्हटलं की गरज कधीच पडत नाही. रिलीज जवळ आली की सगळ्यात आधी हाच कार्यक्रम रद्द होतो. कॅलेंडरवर सहा महिन्यांचे गुरुवार आधीच टाकून ठेवले, तर रद्द करणाऱ्याला कारण द्यावं लागतं.

माणसं किती? वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली लिहिलेला, पाच जणांवर चाचणी घेतली की पुरते, हा हिशेब या धंद्यात सगळ्यांना तोंडपाठ असतो. त्यांनी आणि टॉमस लँडॉअर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितात एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी सापडतात, आणि पाच जणांत सुमारे ८५ टक्के. लोक हा आकडा सांगतात आणि त्यामागची अट गाळतात : पाचही जण एकाच प्रकारचे वापरणारे हवेत. डेअरीच्या ॲपला सचिव वेगळा, दूध घालणारा सभासद वेगळा आणि शीतकरण केंद्रावरचा माणूस वेगळा. दोन सचिव, दोन सभासद आणि केंद्रावरचा एक माणूस मिळून पाच होत नाहीत. आम्ही एका गुरुवारी एकाच प्रकारचे तिघं बोलावतो. पंधरा दिवसांनी पुन्हा गुरुवार असतोच, तेव्हा तीनवर भागतं.

प्रत्यक्षात करायचं असं. एकेकाला तीस-चाळीस मिनिटं. आधी परवानगी घ्या : आवाज रेकॉर्ड करू का, कोण ऐकणार, किती दिवस ठेवणार. मग काम द्या, प्रश्न देऊ नका. "ही स्क्रीन कशी वाटली?" असं विचारलंत की आपल्याकडची माणसं "लई भारी" म्हणणार आणि वर चहा पाजणार. पाहुण्याला नावं ठेवायची रीत नाही. त्याऐवजी म्हणा, "दोनशे चौदा नंबरनं आज दोनदा दूध आणलं, दुसरी नोंद करून दाखवा." आणि गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. समोरचा चुकीच्या बटणाकडं बोट नेतो तेव्हा आपल्या तोंडातून "अहो, ते वरचं" निघायला बघतं. मी पहिले काही महिने अक्षरशः पेनचं टोपण दातात धरून बसायचे.

दर गुरुवारी एक डेव्हलपर बरोबर हवाच, आळीपाळीनं. याला सुरुवातीला विरोध होईल, "आमचा कोडिंगचा वेळ जातो" म्हणून. पण ज्या मुलानं ती यादीची स्क्रीन बांधली होती, त्यानं सचिवांना चष्मा कपाळावर चढवून, टॅब लांब धरून अक्षरं वाचताना पाहिलं. परत येताना गाडीत त्यानं स्वतःच अक्षरांचा आकार वाढवायचं काढलं. माझ्या सोळा पानांच्या अहवालानं हे झालं नसतं. अहवाल लिहूच नका, खरं तर. संध्याकाळी एका कागदावर तीन रकाने : काय पाहिलं, कितीजणांकडून पाहिलं, आपण काय करणार. शुक्रवारी स्टँडअपनंतर वीस मिनिटं त्या कागदावर बोलायचं आणि तिसऱ्या रकान्यातलं लगेच बॅकलॉगमध्ये, म्हणजे पुढच्या कामांच्या यादीत, टाकायचं. रकान्यातच राहिलेली गोष्ट सोमवारी कोणाला आठवत नाही.

चौथी पायरी : एक पाऊल पुढं, दहा नको

डिझाइन आधी पूर्ण करायचं नाही, तर मग डेव्हलपरनं सोमवारी काय बांधायचं? यावर टोरांटोच्या एलियस या (पुढं ऑटोडेस्कनं घेतलेल्या) कंपनीतल्या कामावरून लिन मिलर यांनी २००५ मध्ये आणि डेझिरे साय यांनी २००७ मध्ये लिहिलेली पद्धत आजही पायाभूत मानली जाते. डिझायनर एका वेळी तीन स्प्रिंटांवर नजर ठेवतो. मागच्या स्प्रिंटमध्ये जे बांधून झालं ते वापरणाऱ्यांकडून तपासतो, पुढच्या स्प्रिंटच्या स्क्रीन काढतो आणि त्याच्याही पुढच्या स्प्रिंटसाठी माहिती गोळा करतो. दहा कामाच्या दिवसांत माझी वाटणी ढोबळ अशी असते : पाच दिवस पुढच्या स्प्रिंटचं काम, तीन दिवस चालू स्प्रिंटमधले प्रश्न आणि तपासणी, दोन दिवस माणसं. ही वाटणी मोडते, आणि मोडली की बहुधा मधले तीन दिवस वाढलेले असतात.

कोल्हापुरात हे समजावणं सोपं जातं, कारण उद्यमनगरात किंवा शिरोलीत प्रत्येकाचा कोणी ना कोणी फौंड्रीत असतो. पॅटर्न, म्हणजे ओतकामासाठीचा लाकडी नमुना, चुकला तर सुताराकडून रंधा मारून दुरुस्त होतो. तीच चूक ओतकाम झाल्यावर कळली, तर माल पुन्हा भट्टीत. प्रोटोटाइप म्हणजे तो पॅटर्न. पण यातली खरी शिकवण दुसरीच आहे. बीड (कास्ट आयर्न) थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न त्या मानानं मोठा करतात. पॅटर्न करणाऱ्याला धातू माहीत असावा लागतो. तुम्ही सभासदाच्या वर्षभराच्या दुधाचा सुंदर आलेख काढलात आणि सर्व्हरकडून फक्त चालू दहा दिवसांचाच डेटा येतो, तर आकसणं न धरता पॅटर्न केल्यासारखं झालं. म्हणून पहिली कच्ची रेघ ओढायच्या आधी बॅकएंडवाल्याला, म्हणजे सर्व्हरची बाजू सांभाळणाऱ्याला, पंधरा मिनिटं विचारा : माझ्याकडं काय येतं, किती वेळात येतं, कधी येत नाही?

फौंड्रीची उपमा मात्र तिथंच सोडा. एका पॅटर्नवर हजारो नग निघतात, आपला पॅटर्न दर पंधरवड्याला बदलतो. पुढच्या एका स्प्रिंटइतकंच नीट काढा. चार स्प्रिंटचं आधी काढून ठेवलंत तर सगळं आधीच काढून द्यायची जुनीच पद्धत परत आली, फक्त तुकडे लहान झाले.

पाचवी पायरी : स्टोरीत शिरा

रिफाइनमेंटला स्टोरी वाचली जाते तेव्हा डिझायनरचं काम बारीक प्रश्न काढायचं असतं. आमची स्टोरी अशी होती : "सचिव म्हणून मला नंबर टाकून दूध नोंदवायचं आहे, म्हणजे रांग थांबणार नाही." एवढ्यावर डेव्हलपर काम किती मोठं याचा अंदाज पॉइंटांत द्यायला निघाले. मी वहीतून वाचत गेले. नंबर चुकला तर? एकाच सभासदानं सकाळीच दोन कॅन आणले तर बेरीज की वेगळी नोंद? गाय आणि म्हैस दोन्ही घालणाऱ्याचं काय? फॅट मशिनकडून आकडा आलाच नाही तर हातानं टाकू द्यायचा का, आणि दिलं तर ते कुठं दिसणार? नेट गेलं तर? तीन पॉइंटची स्टोरी दोन स्टोऱ्यांत फुटली. पण स्प्रिंटच्या आठव्या दिवशी "अरे, हे राहिलंच" असं कोणाला म्हणावं लागलं नाही.

यातलं प्रत्येक उत्तर स्टोरीच्या स्वीकाराच्या अटींमध्ये लिहून ठेवा, मराठी शब्दांसकट. चुकीच्या नंबरला "अवैध इनपुट" दिसणार की "२१४ नंबरचा सभासद नाही, नंबर पुन्हा बघा" असं दिसणार, हे डेव्हलपरनं रात्री नऊ वाजता ठरवायची गोष्ट नाही. तो ठरवेल, आणि "अवैध इनपुट"च ठरवेल. त्याचा दोष नाही.

टीमच्या "काम पूर्ण म्हणजे काय" या यादीत एक ओळ मागून घ्या : डिझायनरनं खऱ्या उपकरणावर बघितलं. तुमच्या लॅपटॉपवर नव्हे, जे स्वस्त टॅब संस्थेत असतात त्याच्यावर.

सहावी पायरी : फाइल देऊन निघून जाऊ नका

इथं थोडक्यात. फिग्माची लिंक ग्रुपवर टाकली म्हणजे काम सुपूर्द झालं, असं समजू नका. बांधायला सुरुवात होईल त्या दिवशी डेव्हलपरशेजारी अर्धा तास बसा. रिकामी यादी, लोड होतानाची अवस्था, चूक झाल्याची अवस्था, या तीन स्क्रीन नेहमी राहतात, त्या आधी द्या. बटणं, रंग, अंतरं यांचा एक छोटा संच दोघांनी मिळून ठरवा आणि त्याची नावं फिग्मात आणि कोडमध्ये एकच ठेवा.

मराठीसाठी दोन गोष्टी जास्तीच्या. ओळींमधलं अंतर इंग्रजी मजकुरावर बेतलं, तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात, म्हणून पहिल्या दिवसापासून खरा मराठी मजकूर टाका. आणि पाठीमागचा रंग व अक्षरं यांतला फरक : नेहमीच्या मजकुरासाठी वेबच्या सुलभता निकषांत किमान ४.५ ला १ हे प्रमाण आहे. ऑफिसातल्या एसीत फिकट राखाडी अक्षरं छान दिसतात, डेअरीच्या दारातल्या उन्हात ती गायब होतात. बटणासाठी अँड्रॉइडचा सल्ला किमान ४८ डीपीचा (डीपी म्हणजे स्क्रीनवरचा आकार मोजायचं त्यांचं एकक) आहे, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. घाईतल्या, ओल्या हातांसाठी आम्ही त्याहून बरंच मोठं ठेवलं.

अडचणी ज्या येणारच

इथल्या कितीतरी टीम पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातल्या क्लायंटसाठी काम करतात. वापरणारा माणूस सात समुद्रांपलीकडं, मग गुरुवार कसा? क्लायंटकडून तीन गोष्टी मागा : सपोर्टला आलेल्या तक्रारी, त्यांच्याच सपोर्टच्या माणसाबरोबर दर पंधरवड्याला अर्धा तास, आणि स्क्रीन शेअर करायला तयार असलेले दोन-तीन वापरणारे. एकदम सगळं मागू नका. आधी तक्रारी मागा, त्यातून एक दुरुस्ती करून दाखवा, मग माणसं मागा. नाहीच मिळाली, तर आपण अंदाजावर चाललोय हे स्टोरीत स्पष्ट लिहा. म्हणजे निदान अंदाज आणि माहिती यांची सरमिसळ होत नाही.

एक डिझायनर आणि तीन टीम, ही परिस्थितीही नेहमीची. तिन्हीकडं थोडं थोडं करत बसलात तर तिन्ही स्टँडअपना फक्त हजेरी लागेल. ज्या टीमचं काम वापरणाऱ्याच्या सगळ्यात जवळ आहे तिथं पूर्ण बसा. बाकी दोघींसाठी आठवड्यातले दोन तास जाहीर करा : या वेळात मी आहे, प्रश्न घेऊन या.

डिझाइनच्या कामाला स्टोरी पॉइंट द्यायचे का, यावर तासन् तास वाद चालतात. माझ्या मते नका देऊ. ज्या प्रश्नाचं उत्तर मिळायला किती वेळ लागेल हेच ठाऊक नाही, त्याला ठरावीक वेळ बांधून स्पाइक (फक्त उत्तर शोधायचं काम) म्हणून टीमच्या कामांच्या बोर्डवर लावा. महत्त्वाचं एवढंच की तुमचं काम त्याच बोर्डवर दिसलं पाहिजे. डिझाइनचा वेगळा बोर्ड केला की तो तुमच्याशिवाय कोणी उघडत नाही.

आणि त्या डेअरीचं काय झालं? पुढच्या गुरुवारी मी स्क्रीनवर मोठे आकडे असलेला की-पॅड नेला. नंबर पटकन टाकता येऊ लागला, पण ओल्या बोटाची तक्रार तशीच. बरोबर आलेला डेव्हलपर बराच वेळ काट्याकडं बघत उभा होता. काट्याची बटणं साधी, दाबायची, आणि ओल्या हातानंही बिनचूक चालत होती. त्यानं विचारलं, टॅबला केबल लावून बाहेरचा नंबर पॅड जोडला तर? त्या पंधरवड्यात पॅड आला, मी स्क्रीनवरचा की-पॅड काढून टाकला आणि त्या जागी टाकलेला नंबर आणि सभासदाचं नाव मोठ्या अक्षरांत ठेवलं. आता सचिव नंबर दाबतात, मान वर करून नाव बरोबर आलं का बघतात आणि "म्हैस का गाय?" विचारतात. पॅडवर त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी ताणून बांधली आहे. ती आमच्या कोणाच्याच डोक्यात आली नव्हती.